झेंडूच्या बरणीतलं पाणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावलं, तर वरचा थर केशरी असतो. काल दारावर मिरवलेलं तोरण, गाडीच्या बॉनेटवरचा हार, शिलाई मशिनला, कॉम्प्युटरला, गॅसच्या शेगडीला वाहिलेली फुलं. बाजाराबाहेर तर ढीगच पडलेले असतात. सणाच्या संध्याकाळी भाव कोसळला की टेम्पो भरून आलेला शेतकरी उरलेला झेंडू तिथेच ओतून गावाची वाट धरतो, कारण परतीचं डिझेल फुलांपेक्षा महाग पडतं.

या उरल्यासुरल्या फुलांचा माग काढायला सुरुवात झाली ती गेल्या दसऱ्यानंतरच्या अशाच एका सकाळी, सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात. तिथे आजी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या. तोरणातली आंब्याची पानं एकीकडे, दोरा एकीकडे, झेंडूच्या पाकळ्या तिसरीकडे. सातवीतली नात मोबाइलवर बघून आकडे सांगत होती आणि सूनबाई ऑफिसला निघण्याआधी दोन लिटरची प्लास्टिकची बरणी धुऊन देत होती. घरी झेंडूपासून फरशी पुसायचं पाणी करायचं ठरलं होतं.

‘‘फुलांनी कुठे फरशी निघते होय?’’ भांडी घासता घासता कामाच्या मावशींनी विचारलं. त्या वेळी कुणी उत्तर दिलं नाही. पुढचं जवळजवळ वर्षभर या घरात त्याच प्रश्नाचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी मिळत गेलं.

एकास तीन, तीनास दहा

या पाण्याला सगळीकडे ‘बायोएन्झाइम’ म्हणतात. थायलंडच्या डॉ. रोसुकोन पुंपानवोंग यांचं नाव या कृतीशी जोडलं जातं. आता ती आपल्याकडे गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या गटांत, महिला मंडळांत आणि सोसायट्यांत इतकी रुळली आहे की तिचं प्रमाण लोकांना पाढ्यासारखं पाठ असतं: एक भाग गूळ, तीन भाग फुलं किंवा फळांच्या साली, दहा भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम पाकळ्या आणि 1 लिटर पाणी. गूळ चिकीचा घेण्याची गरज नाही. साधा, काळपट, स्वस्तातला उत्तम.

आजींनी तीनशे ग्रॅमपैकी निम्म्या झेंडूच्या पाकळ्या घेतल्या आणि निम्म्या मोसंबी-लिंबाच्या साली. नुसत्या फुलांचं पाणी पहिल्यांदा करणाऱ्याकडून बिघडण्याची शक्यता जास्त. सालींमुळे आंबटपणा लवकर येतो आणि वासही बरा राहतो. दोरा, तार, चमकी, थर्माकोलचे मणी वेचून काढले. ज्या फुलांवर कुंकू-अष्टगंध पडलं होतं ती कुंडीत गेली. बाजारच्या झेंडूवर फवारणी झालेली असते हे धरून पाकळ्या दोनदा धुतल्या. ज्यांच्या गॅलरीत स्वतःचा झेंडू आहे त्यांना हा व्याप नाही.

बरणी काठोकाठ भरायची नाही, वर चार बोटं जागा ठेवायची. काचेची तर मुळीच घ्यायची नाही, कारण पुढचा महिनाभर आत वायू धरत राहतो. रोज सकाळी झाकण सैल करायचं, ‘फुस्स’ असा आवाज ऐकायचा, पळीने वर आलेल्या पाकळ्या खाली दाबायच्या आणि झाकण पुन्हा लावायचं. या घरात हे काम नातीकडे होतं. दिवाळीत सगळे चार दिवस गावी गेले, झाकण उघडायला कुणी नव्हतं. परत येऊन बघतात तर बरणी फुगून गोल झालेली आणि ओट्याखालच्या कपाटात गुळचट, आंबूस वास भरलेला. ती फुटली नाही, एवढंच नशीब.

आत काय चाललेलं असतं? फुलांवर आणि सालींवर मुळातच बसलेले यीस्ट आणि जिवाणू गुळावर तुटून पडतात. यीस्ट गुळापासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करतं. तोच फुस्स करणारा वायू. मग मद्यार्काचं व्हिनेगरमधलं आम्ल करणारे जिवाणू येतात, दह्यात असतं तसं लॅक्टिक आम्ल करणारे येतात. पहिला महिना धुमसण्याचा, दुसरा निवळण्याचा, तिसऱ्यात बरणी गप्प होते. वर पांढरी साय धरली तर घाबरायचं कारण नाही. काळी-हिरवी केसाळ बुरशी आली, अळ्या पडल्या किंवा नाक मुरडावं असा कुजका वास आला, तर मात्र ते पाणी खताच्या खड्ड्यात ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

संक्रांतीच्या आसपास आजींनी फडक्यातून पाणी गाळलं. सव्वा लिटरला थोडं कमी, चहाच्या रंगाचं, वासाला ताडी आणि संत्र्याच्या मधलं काहीतरी. झेंडूचा केशरी रंग त्यात शोधूनही सापडत नव्हता.

जास्वंदीला विचारा

नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नैसर्गिक दर्शकांचा धडा होता. लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरायच्या, त्या जांभळट पाण्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. आम्लात बुडवली की पट्टी गडद गुलाबी होते, अल्कलीत बुडवली की हिरवी. गोकर्णाच्या निळ्या फुलाचंही तसंच: लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, सोडा टाकला की हिरवं. पाकळ्यांमधली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं भोवतीच्या पाण्याप्रमाणे आपली रचना बदलतात आणि रचनेबरोबर रंगही बदलतो.

हा प्रयोग शाळेच्या बाकावरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आला, आणि मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळालं. घरातल्या सफाईच्या वस्तूंचा एकेक थेंब बशीत घेऊन नात पट्ट्या बुडवत गेली. कपडे धुण्याची पावडर: हिरवी. अंगाचा साबण: हिरवी. खायचा सोडा: हिरवी. चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी, जे आजींनी गावाहून मुद्दाम आणलं होतं: चांगलीच हिरवी. लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर: गुलाबी. झेंडूच्या बरणीतलं पाणी: गडद गुलाबी.

‘‘म्हणजे हे चिंचेच्या बाजूचं,’’ आजी म्हणाल्या, ‘‘साबणाच्या बाजूचं नव्हे.’’

फुलांच्या या सगळ्या खटाटोपाची किल्ली या एका वाक्यात आहे. नाव ‘एन्झाइम’ असलं तरी बरणीतून निघणारं पाणी मुख्यतः सौम्य आम्ल आहे. त्याचा पीएच साधारण 3 ते 4 असतो, म्हणजे पातळ केलेल्या व्हिनेगरच्या जवळपास. त्यात थोडा मद्यार्क असतो आणि सालींमधलं थोडं सुगंधी तेल. म्हणून त्याची कामंही आम्लाचीच. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याने नळावर धरलेले पांढरे क्षार, बादलीच्या कडेला बसलेलं साबणाचं पांढुरकं किटण, न्हाणीघराच्या काचेवरचे ठिपके, हे सगळं या पाण्याने निघतं. फडकं भिजवून नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवायचं आणि मग जुन्या टूथब्रशने घासायचं. मावशींनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बेसिनचा नळ बघून त्या क्षणभर थांबल्या. ‘‘हे बरंय,’’ एवढंच म्हणाल्या.

ओट्यावरच्या फोडणीच्या तेलकट थरावर मात्र हेच पाणी हरलं. हरणारच होतं, तेलाला आम्लाचं भय नाही. तेल अल्कलीने फुटतं किंवा फेसाने सुटतं, आणि बरणीत दोन्ही नव्हतं.

याच पाण्याबद्दल दोन दावे हातोहात फिरतात. पहिला असा की बरणीतून ओझोन निघतो आणि हवा शुद्ध होते. गूळ आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या प्रक्रियेत ओझोन तयार होण्याचं काही कारणच नाही. दुसरा दावा जंतुनाशकाचा. आम्लामुळे काही जिवाणूंची वाढ रोखली जाते हे खरं. पण प्रत्येक घरची बरणी वेगळी, तिची तीव्रता कुणी मोजलेली नाही, शिवाय बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घातल्यावर उरतं ते फारच थोडं. घरात उलट्या-जुलाबाचा रुग्ण असेल, तर तिथे झेंडूच्या भरवशावर राहू नये.

शहाबादीवर नको

आम्लाची दुसरी बाजू फरशीवर दिसते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत शहाबादी, नंतरच्या इमारतींत मोझॅक, ओट्याला कडप्पा, जिन्याला कोटा, ज्यांना परवडलं त्यांच्याकडे संगमरवर. दिसायला सगळे वेगळे, पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे चुनखडीचे दगड. संगमरवर म्हणजे भूगर्भात उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेली चुनखडीच. मोझॅकमध्ये सिमेंटच्या पोटात संगमरवराच्या चिपा. चुनखडी आणि आम्ल यांचं हाडवैर आहे: बारीक बुडबुडे येतात, दगडाचा वरचा थर विरघळतो, चकाकी जाते. एकदा पुसल्याने काही दिसत नाही. सहा महिने रोज पुसलं की फरशी आंधळी होते आणि मग पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं.

या घरातल्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, गॅलरीत मात्र जुनी शहाबादी. नातीने कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाकून बघितला आणि कान लावला. नीट ऐकलं तर ‘चर्र’ ऐकू येतं म्हणे. गॅलरीतली बाटली त्याच दिवशी हॉलमध्ये आली.

याहून गंभीर गोष्ट संडास-मोरीतली. अनेक घरांत आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकतात. तिच्यावर किंवा ब्लीचच्या कुठल्याही द्रवावर आम्ल पडलं, मग ते दुकानातल्या बाटलीतलं असो, व्हिनेगर असो वा फुलांचं, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत भरतो. ‘नैसर्गिक आहे, कशातही मिसळा’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. एका दिवशी एकच वस्तू वापरावी, मध्ये भरपूर पाणी ओतावं आणि खिडकी उघडी ठेवावी.

फेस कुठून आणायचा

आजींच्या लहानपणी, कोकणातल्या घरी, तेलकट भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी असायची. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणूनच जास्वंदीची पट्टी हिरवी झाली होती. रेशमी सोवळी आणि शालू यांना मात्र राख कधी लागली नाही. त्यांच्यासाठी रिठा.

रिठ्याच्या लॅटिन नावातच त्याचं काम आहे: ‘सॅपिंडस’ म्हणजे हिंदुस्थानी साबण. हिमालयाच्या बाजूला ‘मुकोरोसी’ ही जात, आपल्याकडे सह्याद्रीत आणि दक्षिणेत ‘ट्रायफोलिएटस’. साबण सगळा फळाच्या चिवट सालीत असतो. आतली काळी, टणक बी फेस देत नाही. मुलं ती गोट्यांसारखी खेळतात. सालीतल्या सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं आणि दुसरं तेलाशी. हजारो रेणू मिळून तेलाच्या कणाला वेढतात आणि पाण्यात ओढून नेतात. बाजारचा साबणही हेच करतो. फरक असा की साबण अल्कलीच्या बाजूचा. रेशीम आणि लोकर ही प्राणिज प्रथिनं, त्यांना अल्कली मानवत नाही. रिठ्याचं पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, जास्वंदीची पट्टी त्यात बुडवली तर ठळकपणे कुठेच जात नाही. पैठणी रिठ्यात का धुवायची हे आजींना रेणू न दाखवताही ठाऊक होतं. सराफही दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळून मऊ ब्रशने घासतात, ते याच कारणाने.

रिठ्याला आणखी एक फायदा आहे. जड पाण्यात साबणाचा फेस मरतो, कारण कॅल्शियम साबणाला धरून त्याचं पांढरं किटण करतं. सॅपोनिनला कॅल्शियम तसं धरत नाही.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचोरा, वाळा, गुलाबपाकळी यांची पोती ओळीने मांडलेली असतात. दिवाळीच्या आधी तिथे उटण्याचं सामान घेणाऱ्यांची रांग लागते. दुकानदाराला ‘भांड्यांसाठी रिठा’ म्हटलं की तो एकदा वर बघतो. मग बिया काढलेला हवा की अख्खा, ते विचारतो. काढलेला घ्यावा. घरी काढायला बसलं तर अडकित्ता लागतो आणि बोटंही.

कृती सोपी आहे. दहा-बारा रिठ्यांची सालं रात्रभर दोन पेले पाण्यात भिजवायची, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद उकळायची, गार झाल्यावर चुरायची, गाळायची. उकळताना वर लक्ष हवं, दुधासारखं उतू जातं. फेस भरपूर, वास मात्र गोडसर-उग्र आणि प्रत्येकाला न रुचणारा. इथे फुलं खरी कामाला येतात. गाळण्याआधी, आच बंद केल्यावर, गुलाबाच्या पाकळ्या, तुळस किंवा गवती चहा घालून झाकून ठेवलं की तो उग्रपणा दबतो. मात्र हे पाणी टिकत नाही. बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर, नंतर आंबतं. म्हणून थोडंच करावं.

सूनबाईंनी रिठ्याच्या पाण्यात बरणीतलं पाणी मिसळून एक बाटली भरली. काचा, मिक्सरचं वरचं अंग, फ्रिजचं दार, जेवणाचं टेबल या सगळ्यांवर ती चालली. मावशींना फेस दिसला, तेव्हा त्यांचा थोडा विश्वास बसला. मग एकदा पाण्याचा शिंतोडा डोळ्यात गेला आणि त्या दिवसभर डोळा चोळत बसल्या. रिठा डोळ्यांना फार झोंबतो. माशांना तर तो मारतो. पूर्वी डोहात मासे गुंगवायला रिठा वापरायचे. त्यामुळे रिठ्याचं उरलेलं पाणी माशांच्या टाकीजवळ किंवा कमळाच्या कुंडात नेऊ नये.

रंग देणारी, वास हरवणारी

बागेतलं प्रत्येक फूल या कामाला येत नाही. पारिजातकाचा केशरी देठ कापड रंगवतो, तो सफाईच्या पाण्यात घातला तर पुसणीचं फडकं आणि पांढरी टाइल दोन्ही पिवळी होतात. झेंडूचंही तेच. उकळून त्यात तुरटी टाकली तर सुती कापडावर पक्का पिवळा रंग बसतो, आणि नैसर्गिक रंगारी तो तसाच बसवतात. म्हणूनच झेंडूचं पाणी पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत जाऊ द्यायचं नाही. हळदीचा डाग तर प्रत्येक गृहिणीचा जुना वैरी. आमटी सांडलेल्या शर्टाला साबण लावला की तो भडक लाल होतो, कारण हळदही जास्वंदीसारखीच रंग बदलणारी. धुवून उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत उतरतो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. त्या डागावर कुठलंही फूल लावायची गरज नसते.

मोगऱ्याची सगळ्यांना हौस. पण मोगरा उकळला की नुसतं पालेभाजीसारखं पाणी उरतं, वास वाफेबरोबर निघून जातो. या फुलांचा वास तेल धरून ठेवतं. कनौजकडे पूर्वी फुलांचे आणि तिळाचे थर एकावर एक रचून तिळात वास मुरवत आणि मग ते तीळ घाण्यात घालत. फरशीच्या पाण्यासाठी एवढी उस्तवार कोण करणार? गुलाब मात्र वाफेला बधतो. पातेल्यात पाकळ्या आणि पाणी, मधोमध उंच वाटी, वर उलटं झाकण आणि झाकणावर बर्फ. वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने वाटीत उतरते. त्या गुलाबपाण्याने काही साफ होत नाही. ते शेवटच्या पुसणीला घ्यायचं, घराला वास यावा म्हणून.

ज्यांना तीन महिने थांबायचं नाही, त्यांच्यासाठी पांढरं व्हिनेगर आहे. बरणीत गुलाब, तुळशीच्या मंजिऱ्या, गवती चहा, लिंबाची साल कोंबून वर व्हिनेगर ओतायचं, दोन आठवडे अंधारात ठेवायचं, गाळून निम्म्याला निम्मं पाणी मिसळायचं. काचेसाठी हे चांगलं. फक्त त्यात खायचा सोडा टाकून ‘जास्त ताकद’ आणायला जाऊ नये. जोरात फसफसतं, बघायला छान वाटतं. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. तुंबलेल्या मोरीत ती फसफस थोडी ढकलाढकल करते. काचेवर तिचा काही उपयोग नाही.

जास्वंदीचं एक जुनं काम मात्र आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसलं गेलं आहे. इंग्रजीत तिला ‘शू फ्लॉवर’ म्हणतात, इंडोनेशियात ‘कंबांग सपातू’, म्हणजे जोड्याचं फूल. कारण तिथल्या लोकांनी आणि गोऱ्या साहेबांच्या नोकरांनी या फुलाच्या पाकळ्या चुरून काळे बूट चकचकीत केले. पाकळीतला चिकट बुळबुळीत रस चामड्यावर पातळ थर धरतो आणि तिचा गडद रंग काळ्याला आणखी काळा करतो. नातीने शाळेच्या बुटांवर हे करून पाहिलं. चमक आली खरी, पण मैदानाच्या मातीत एका तासात गेली. तिच्या बाबांनी तपकिरी बूट मात्र आधीच लपवून ठेवले होते.

आधी चिंच, मग रांगोळी

सणांच्या आधी पितळ घासायला काढायचं ही या घराची रीत. समई, निरांजनं, पळी-पंचपात्र, तांब्याचा बंब. हवेतल्या ऑक्सिजनने आणि गंधकाच्या संयुगांनी तांब्या-पितळेवर काळपट थर चढतो. आम्ल तो थर विरघळवतं आणि खालचा धातू उघडा करतं. देशावर त्यासाठी चिंच, कोकणात आमसूल, गोव्यात आणि तळकोकणात बिंबलं. त्या हिरव्या, काकडीसारख्या इवल्या फळांत ऑक्झॅलिक आम्ल इतकं की लोखंडाच्या गंजाचा डागही कापडावरून निघतो. ज्यांच्या परसात लाल अंबाडी आहे, ते तिच्या फुलाखालच्या मांसल लाल बोंडांनीही पितळ घासतात. फूल पडल्यावर उरणारी ती आंबट बोंडं, चटणीची आणि सरबताची.

या वेळी आजींनी चिंचेऐवजी झेंडूचं पाणी घेतलं. वेळ लागला, पंधरा मिनिटं भांडी त्यात बुडवून ठेवावी लागली, पण काळेपणा उतरला. मग त्यांनी भांडी खळखळून धुतली आणि ओल्या शेंडीवर रांगोळी घेऊन घासायला बसल्या. सूनबाईंनी विचारलं, ‘‘आई, दोन्ही एकदमच का नाही लावत?’’

‘‘एकदम लावलं की फसफसतं आणि चिंच वाया जाते. माझी आई म्हणायची, आधी चिंच, मग रांगोळी.’’

रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड, पुष्कळदा शहाबादीच्याच कुळातली. तिचं काम खरवडण्याचं. आम्लाबरोबर लावली तर दोघांचंही काम थांबतं. इंटरनेटवरच्या व्हिनेगर-सोड्याच्या चुकीवरचा उतारा या घरात दोन पिढ्यांपासून म्हणीसारखा चालत आला होता.

किती फुलं, किती पाणी

या बरणीने सणांच्या निर्माल्याचा प्रश्न सुटेल का? हिशेब मांडला तर गंमत होते. किलोभर पाकळ्यांना तीन लिटरहून जास्त पाणी लागतं. ते बादलीत अर्धी अर्धी वाटी घालून वापरायचं म्हटलं, तर एका घराला किलोभर फुलंच कित्येक आठवडे पुरतात. या घराने शेजाऱ्यांना बाटल्या वाटल्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही बरणी लावली तेव्हा वाटायला कुणी उरलं नाही.

मोठ्या ढिगाचं काम मोठ्या हातांचं आहे. पुण्यात गणपती विसर्जनाच्या घाटांवर कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या महिला निर्माल्य नदीत पडण्याआधी हातात घेतात. फुलं, पानं, प्लास्टिक वेगळं करतात आणि फुलांचं खत होतं. ही संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते. कानपूरला ‘फूल’ नावाच्या उद्योगाने गंगेकाठच्या देवळांतल्या फुलांची उदबत्ती केली. बरणी त्यांच्या पंक्तीत बसत नाही. तिचा उपयोग इतकाच की एका घरातला तोरणाचा गुंता डब्यात जाण्याआधी कुणीतरी बसून सोडवतं. गाळल्यावर उरलेला चोथाही या घरात जास्वंदीच्या कुंडीत गेला, मातीत मिसळून आणि थोडा थोडा, कारण तोही आंबट.

मग सफाई रोज करतात त्या मावशींचं मत काय? सकाळी सहा ते दुपारी दोन त्या पाच घरी फरशी पुसतात. एका घरी फिनाईल, एका घरी संडासाला अ‍ॅसिड, एका घरी वासाचं निळं पाणी. हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडतात, त्यात अ‍ॅसिड गेलं की रात्री झोप लागत नाही. झेंडूच्या पाण्याने भेगा पडत नाहीत, हा त्यांच्या लेखी पहिला गुण. दुसरा नळ. तिसरा गुण त्या मानत नाहीत. ‘‘मुंग्या येतात ताई, गुळाचं आहे ना. जास्त घातलं की फरशी चिकट होते.’’ ही तक्रार खरी होती. बरणी तीन महिने पुरी झाली नाही तर न आंबलेला गूळ शिल्लक राहतो आणि तोच फरशीवर पसरतो. दुसरी बरणी मग एक महिना जास्त ठेवली गेली.

यंदाच्या गणपतीनंतर त्या घरात पुन्हा जाणं झालं. ओट्यावर चार बाटल्या ओळीने उभ्या होत्या. आधी प्रत्येकीवर नातीच्या अक्षरात ‘बायोएन्झाइम’ लिहिलेलं असायचं, त्यामुळे कुठली कशाची ते मावशींना दर वेळी विचारावं लागायचं. आता नवी लेबलं होती: ‘नळ आणि काच’, ‘पितळ’, ‘रेशीम (फ्रिजमध्ये)’, ‘हॉलची फरशी, गॅलरी नको’. शेजारी जास्वंदीच्या पट्ट्यांचा काडेपेटीएवढा डबा. चौथ्या बाटलीपुढे भांडी घासायच्या पावडरचं नेहमीचं पाकीट उभं केलेलं, आणि त्यावर चिकटपट्टी लावून मावशींनी स्वतः पेनने लिहिलं होतं: ‘ओटा’.